टोकियोत मुलीची हायस्कूल प्रवेशपरीक्षा: एप्रिल ते मार्च

माझी लेक मार्च २०२४ मध्ये टोकियोतल्या एका सरकारी हायस्कूलची प्रवेशपरीक्षा पास झाली. तेव्हापासून इथल्या ओळखीच्या मराठी घरांतून सारखी विचारणा होते. जुकू (खासगी शिकवणी) लावायची का, कधीपासून, खर्च किती येतो, आईवडिलांना जपानी नीट वाचता येत नसेल तर निभावतं का. फोनवर तुकड्यातुकड्याने सांगितलं की महत्त्वाचं नेमकं राहून जातं, म्हणून वर्षभराचं सगळं ओळीने लिहून काढतोय. नियम टोकियोचे आहेत. शेजारच्या प्रांतांत ते बदलतात, त्याबद्दल पुढे येईलच.

आम्ही एदोगावा वॉर्डात राहतो. निशी-कासाई स्टेशनच्या आसपास भारतीय कुटुंबं खूप आहेत आणि त्यातली बरीचशी मुलं भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत जातात. आमची २०१८ मध्ये इथे आली तेव्हा चौथीत होती. घराजवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत घातली, तिथे रमली, मग तशीच पुढे माध्यमिक शाळेत गेली. इथपर्यंत कुठेही परीक्षा नव्हती. जपानमध्ये सक्तीचं शिक्षण नऊ वर्षांचं, आणि सरकारी शाळेत त्या नऊ वर्षांत कोणी नापास होत नाही. हायस्कूल सक्तीचं नाही, तरी जवळजवळ सगळीच मुलं जातात. म्हणजे पंधराव्या वर्षी सगळ्यांना एकाच दारातून जावं लागतं.

आपल्या दहावीशी तुलना करून चालत नाही. आपल्याकडे आधी बोर्डाचे मार्क हातात येतात, मग कॉलेजांची यादी भरायची. इथे आधी शाळा निवडायची आणि मग तिची परीक्षा द्यायची. सरकारी हायस्कूलच्या मुख्य फेरीत मुलाला एकाच शाळेत अर्ज करता येतो. ती हुकली तर खासगी शाळा, नाहीतर मार्चमध्ये उरलेल्या जागांची फेरी.

एप्रिल २०२३ मध्ये तिचं माध्यमिकचं तिसरं वर्ष सुरू झालं, म्हणजे आपली नववी. पहिल्याच पालकसभेत गुणांची पद्धत समजावली. मला ती तेव्हा अर्धीच कळली, घरी येऊन कागदावर मांडली तेव्हा डोळे उघडले. एकूण १००० गुण. त्यातले ७०० परीक्षेचे, ३०० शाळेच्या प्रगतिपुस्तकाचे, आणि वर इंग्रजी बोलण्याच्या चाचणीचे २०. प्रगतिपुस्तकातल्या गुणांना नाइशिन म्हणतात. नऊ विषय, प्रत्येकाला १ ते ५ श्रेणी. पाच विषयांची परीक्षा होते: जपानी, गणित, इंग्रजी, समाजशास्त्र, विज्ञान. उरलेल्या चार विषयांची, म्हणजे संगीत, चित्रकला, शारीरिक शिक्षण आणि तंत्र-गृहविज्ञान यांची परीक्षा नसते. म्हणून त्यांच्या श्रेणी दुप्पट धरतात. अशी सगळी बेरीज ६५ पैकी करायची आणि तिचे ३०० करायचे.

आकडेमोड केली तर असं दिसतं: तंत्र-गृहविज्ञानात ३ चे ४ झाले की अंतिम यादीत नऊच्या वर गुण वाढतात. परीक्षेच्या पेपरातला एक गुण तिथे १.४ धरला जातो. म्हणजे शिवणकाम-सुतारकामातली एक श्रेणी ही पेपरातल्या साडेसहा गुणांच्या तोलाची. आपण मराठी घरांत गणित-विज्ञानाच्या मागे लागतो आणि बासरी, शिवण, उड्या याकडे "तेवढं चालतं" म्हणून बघतो. इथे तेवढं चालत नाही.

आणि यातली कळीची गोष्ट: टोकियोत तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्राअखेरचं नाइशिन धरतात. ते डिसेंबरच्या सुरुवातीला ठरून गेलेलं असतं. परीक्षा फेब्रुवारीत असली तरी बरंचसं डिसेंबरातच पक्कं होतं. कानागावात दुसरं वर्षही मोजतात, चिबा आणि साइतामात तिन्ही वर्षं. घर बदलायचा विचार असेल तर भाड्याच्या आधी हे बघा.

त्याच आठवड्यात मी ऑफिसात आमच्या काचोंशी, म्हणजे विभागप्रमुखांशी बोललो. मी एका जपानी सॉफ्टवेअर कंपनीत आहे, बँकांची कामं. कायद्याने एप्रिल २०१९ पासून ओव्हरटाइमला महिन्याला ४५ तास आणि वर्षाला ३६० तासांची मर्यादा आली. विशेष करार करून ती ओलांडता येते, पण त्यालाही वरची सीमा आहे. आमच्याकडे मर्यादा पाळतात. तरीही संध्याकाळी सातला टेबल आवरून उठणं कागदावर सोपं आणि प्रत्यक्षात जड जातं. कोणी अडवत नाही. फक्त आजूबाजूचे सगळे बसलेले असतात, आणि आपण "ओसाकी नि शित्सुरेइ शिमासु" (तुमच्या आधी निघतोय, माफ करा) म्हणत निघतो तेव्हा पाठीवर नजरा जाणवतात. मी काचोंना सांगितलं की यंदा मुलीचं परीक्षेचं वर्ष आहे, आठवड्यातले दोन दिवस मी लवकर निघेन, आणि शाळेच्या भेटींना अर्धी रजा घेईन. त्यांनी मान डोलावली, तारखा लिहून घेतल्या आणि म्हणाले, "माझ्या मुलाच्या वेळी मी एकदाही शाळेत गेलो नाही." एवढंच. त्या वाक्याने मला बळ आलं.

इथे एक काम आधीच करून ठेवा. कंपनीत तासांच्या हिशेबाने पगारी रजा मिळते का ते विचारा. करार असेल तर वर्षाला पाच दिवसांपर्यंतची रजा अशी तासातासाने घेता येते, आणि शाळेच्या वीस मिनिटांच्या भेटीला ती फार उपयोगी पडते. शिवाय २०१९ पासून वर्षात किमान पाच दिवस पगारी रजा कर्मचाऱ्याला घ्यायला लावणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्यामुळे रजा मागताना मान खाली घालायचं कारण नाही.

मे महिन्यात जुकू बघायला लागलो. जुकू म्हणजे शिकवणीचा वर्ग, पण तो फक्त शिकवत नाही. कोणत्या शाळेला किती हेन्साची लागते, कोणत्या खासगी शाळेची काय अट आहे, ही माहिती तिथे असते, आणि खरं तर पालक पैसे त्याचेच मोजतात. हेन्साची म्हणजे सराव परीक्षेतला तुलनात्मक अंक. सरासरी ५०, आणि ६० म्हणजे साधारण वरच्या १६ टक्क्यांत. आम्ही तीन ठिकाणी चाचणी-वर्ग घेतले. एका ठिकाणी भिंतीवर मुलांची क्रमवारी लावलेली होती. लेक तिथून बाहेर पडताना काहीच बोलली नाही, आम्हीही तो वर्ग सोडला. घेतला तो छोटा, एका वर्गात दहा-बारा मुलं. महिन्याला साधारण ४० हजार येन, त्यात उन्हाळी आणि हिवाळी विशेष वर्गांचे पैसे वेगळे. पुस्तकं, सराव परीक्षा धरून वर्षाचा खर्च सात लाख येनच्या पुढे गेला. तेव्हा १०० येनचे ५५ ते ६० रुपये होत. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण जुकूच्या पहिल्या पत्रकात फक्त महिन्याची फी असते. करार करताना "वर्षभराचा सगळा आकडा लेखी द्या" असं सांगा, देतात.

ज्यांची मुलं नुकतीच आली आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. जपानमध्ये येऊन तीन वर्षांच्या आतल्या परदेशी मुलांसाठी काही सरकारी हायस्कुलांत वेगळी प्रवेशफेरी आहे. तिथे निबंध आणि मुलाखत असते, आणि ती इंग्रजीतूनही देता येते. आणि जपानी मातृभाषा नसलेल्या कुटुंबांसाठी दरवर्षी बहुभाषी मार्गदर्शन सभा होतात, दुभाषे असतात. वॉर्डाच्या कचेरीत परदेशी नागरिकांच्या खिडकीवर विचारलं तर तारीख कळते. आम्ही तीन वर्षांच्या अटीत बसत नव्हतो, पण सभेला गेलो. जपानी सभेत मान डोलावून सोडलेले कितीतरी प्रश्न तिथे विचारता आले.

जुलैत पहिली सान्शा मेंदान झाली. विद्यार्थी, पालक आणि वर्गशिक्षक अशी तिघांची बैठक. कॉरिडॉरमध्ये दोन खुर्च्या मांडलेल्या, आधीचं कुटुंब आत, आम्ही बाहेर. पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक समोर ठेवून शिक्षक बोलले. गणित, इंग्रजी ५, जपानी ३, शारीरिक शिक्षण ३, तंत्र-गृहविज्ञान ३. शेवटच्या ३ बद्दल मी विचारलं. शिक्षकांनी फाइलीतून तिचे फुरिकाएरी कागद काढले. प्रत्येक तासानंतर "आज काय केलं, काय जमलं नाही, पुढच्या वेळी काय करीन" असं मुलांनी लिहायचं असतं. तिच्या कागदांवर एकेक अर्धवट ओळ होती. लाकडी डबा तिने उत्तम केला होता, पण २०२१ पासून माध्यमिक शाळेत श्रेणी तीन निकषांवर ठरते: ज्ञान आणि कौशल्य, विचार आणि मांडणी, आणि शिकण्यातला स्वतःहून घेतलेला पुढाकार. हा तिसरा निकष शिक्षक बघतात तो अशा कागदांतून आणि वेळेवर दिलेल्या वह्यांतून. जपानीत लिहायला तिला वेळ लागतो, म्हणून ती ते टाळत होती.

त्या दिवसापासून घरात एक नियम झाला. तंत्र-गृहविज्ञान ज्या दिवशी असेल त्या दिवशी रात्री तीन पूर्ण वाक्यं लिहायची. आधी माझ्याशी मराठीत बोलायचं, काय केलं ते सांगायचं, मग जपानीत उतरवायचं. ते कागद आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून लिहिले. सातला ऑफिस सोडण्याचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच. दुसऱ्या सत्रात त्या ३ चे ४ झाले. शारीरिक शिक्षण ३ वरच राहिलं, त्याला इलाज नव्हता.

ऑगस्टमध्ये तिच्या वाद्यवृंद क्लबची शेवटची स्पर्धा झाली आणि क्लब संपला. तिसऱ्या वर्षाची मुलं उन्हाळ्यात क्लबमधून निवृत्त होतात, रडतात, आणि दुसऱ्या दिवसापासून जुकूच्या उन्हाळी वर्गाला जाऊन बसतात. त्याच सुट्टीत हायस्कुलांच्या माहितीसभा असतात. नोंदणी ऑनलाइन उघडते आणि चांगल्या शाळांच्या जागा बघता बघता संपतात, तेव्हा उघडण्याची वेळ फोनमध्ये लावून ठेवा. जाताना घरातल्या सपाता आणि बूट ठेवायला पिशवी न्या. हे कुठल्या तरी कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. बहुतेक जपानी पालक काळ्या किंवा गडद निळ्या सुटात येतात. साधे नीटनेटके कपडे पुरतात, माझ्या बायकोने सलवार-कमीज घातला होता आणि कोणाला काही वाटलं नाही.

सप्टेंबर अवघड गेला. रविवारी सराव परीक्षा, व्ही-मोगी म्हणतात ती, एका वेळचे साधारण ५ हजार येन. पहिल्याच वेळी हेन्साची ५४ आली, हव्या त्या शाळेला ५८ लागत होती. निकालाच्या कागदावर इच्छित शाळेसमोर टक्केवारी छापून येते. ती बघून लेकीने कागद घडी करून दप्तरात टाकला. पुढच्या आठवड्यापासून सकाळी पोट दुखायला लागलं. सोमवारी, मग गुरुवारीही. डॉक्टरांना काही सापडलं नाही. शाळेच्या आरोग्यकक्षातल्या बाईंनी स्वतःहून बायकोला फोन केला आणि शाळेतल्या समुपदेशकांची वेळ घेऊन दिली. टोकियोच्या सरकारी माध्यमिक शाळांत समुपदेशक येतात आणि पैसे लागत नाहीत. पालकही वेळ घेऊ शकतात. आम्ही दोघं गेलो. त्या म्हणाल्या, तिला घरी विचारा, पण निकालाबद्दल नको, दिवसाबद्दल विचारा.

त्याच सुमारास, ऑक्टोबरात, शिक्षण मंत्रालयाचे आकडे आले. आदल्या वर्षी प्राथमिक आणि माध्यमिक मिळून जवळपास ३ लाख मुलं तीस किंवा जास्त दिवस शाळेत गेलेली नव्हती. पोलिसांच्या नोंदींनुसार २०२२ मध्ये ५१४ शाळकरी मुलामुलींनी जीव दिला होता, तोवरचा सगळ्यात मोठा आकडा. हे वाचून आम्ही दोघांनी ठरवलं आणि तिला स्पष्ट सांगितलं: शाळा मिळाली नाही तर दुसरी बघू, आणि रविवारची सराव परीक्षा महिन्यातून एकच. जुकूच्या शिक्षकांना ते पटलं नाही. ते सभ्यपणे तीनदा म्हणाले की स्पर्धक मुलं दर आठवड्याला बसतात. आम्ही ठाम राहिलो. पोटदुखी नोव्हेंबरात कमी झाली, पूर्ण गेली ती मार्चनंतरच.

या काळातली एक रात्र सांगतो. कामाचा आठवडा वाईट होता, मी पावणेदहाला स्टेशनवर उतरलो. जुकूचा वर्ग तेव्हाच सुटतो. दाराबाहेर सूट घातलेले तरुण शिक्षक दंडाला पट्टी बांधून उभे होते आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला वाकून निरोप देत होते. मुलं सायकलींची कुलुपं काढत होती, कोणाच्या पाठीवर दप्तर, हातात रिकामा डबा, कारण रात्रीचं जेवण तिथेच मधल्या सुट्टीत झालेलं. त्यांच्या मधून आमची आगगाडीतली माणसं चालली होती, तशाच बॅगा, तसेच खांदे. माझ्या मनात आलं की ही मुलं इथे गणित शिकतातच, पण त्याहून जास्त शिकतात ते रात्री दहापर्यंत बसून राहणं. ऑफिसातल्या सातच्या नजरांचं मूळ मला त्या दारात दिसलं. २०१५ च्या नाताळात एका मोठ्या जाहिरात कंपनीतल्या चोवीस वर्षांच्या मुलीने कामाच्या अतिभारामुळे आत्महत्या केली, त्यानंतर देशभर चर्चा झाली, कायदे कडक झाले. पण कायदा वीस-बावीसच्या वयात गाठतो, सवय पंधराव्या वर्षीच लागलेली असते. दुसऱ्या दिवशी मी आमच्या टीममध्ये सांगून टाकलं की मंगळवार-गुरुवार सातनंतर मी मेसेज बघणार नाही. काम अडलं नाही. सकाळी लवकर जाऊन उरकत होतो.

शिक्षकांबद्दलही लिहायला हवं. वर्गशिक्षकांचा फोन कधीकधी रात्री आठला शाळेतून यायचा. जपानच्या सरकारी शाळांतल्या शिक्षकांना १९७१ च्या कायद्यामुळे ओव्हरटाइमचे पैसे मिळत नाहीत, त्याऐवजी पगारावर सरसकट ४ टक्के मिळायचे. त्या सरांनी आमच्यासाठी सगळे कागद पेन्सिलीने फुरिगाना, म्हणजे अवघड अक्षरांवर त्यांचे उच्चार, लिहून पाठवले. मी त्यांना कधीही सहानंतर फोन केला नाही.

ऑक्टोबरात एइकेन, म्हणजे इंग्रजीची राष्ट्रीय चाचणी. भारतीय मुलांनी ही संधी सोडू नये. बऱ्याच खासगी शाळा एइकेनची पातळी बघून नाइशिनमध्ये एक श्रेणी वाढवून धरतात. पण डिसेंबरात खासगी शाळांशी होणाऱ्या बोलणीआधी निकाल हाती हवा, म्हणून वर्षातली ऑक्टोबरची फेरी ही शेवटची उपयोगाची. लेकीने दुसरी पातळी दिली, नोव्हेंबरात तोंडी झाली, पास झाली. २६ नोव्हेंबरला टोकियोची बोलण्याची चाचणी, ईसॅट-जे. टॅबलेटसमोर हेडफोन लावून उत्तरं द्यायची.

आता डिसेंबर, ज्यासाठी मी हे सगळं लिहितोय. महिन्याच्या सुरुवातीला शाळेने तात्पुरतं नाइशिन सांगितलं: परीक्षेच्या पाच विषयांत २१, सगळे नऊ मिळून ३६. त्यानंतर लगेच दुसरी सान्शा मेंदान. इथे खासगी शाळा ठरते. पद्धत अशी की १५ डिसेंबरपासून माध्यमिक शाळेचे शिक्षक खासगी हायस्कुलांत जाऊन आपल्या मुलांबद्दल बोलणी करतात. "सरकारी शाळा मिळाली नाही तर ही मुलगी नक्की तुमच्याकडे येईल" असा शब्द द्यायचा आणि शाळेच्या अटीत मूल बसत असेल तर तिथला प्रवेश जवळपास निश्चित होतो. आम्ही बघितलेल्या शाळेची अट पाच विषयांत २२ होती. तिचे २१, अधिक एइकेनचा १. बसली. त्या एका श्रेणीने फेब्रुवारीतली आमची झोप वाचवली. बोलणी शिक्षक करतात, पालक नाही, आणि मुदत एकदा गेली की गेली. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात खासगी शाळांच्या वैयक्तिक भेटी उरकून दोन नावं सरांच्या हातात द्या. त्या बैठकीला मी अर्धी रजा घेतली होती. पाच वाजता ऑफिसातून फोन आला, मी उचलला नाही.

त्याच महिन्यात राज्यपाल कोइके यांनी जाहीर केलं की एप्रिल २०२४ पासून हायस्कूलच्या फीसाठी उत्पन्नाची अट राहणार नाही. टोकियोत राहणाऱ्या कुटुंबांना खासगी शाळेसाठीही २०२४ मध्ये वर्षाला ४ लाख ८४ हजार येनपर्यंत मदत होती. ही मदत आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. आणि २०२४ च्या प्रवेशापासून सरकारी हायस्कुलांतली मुलामुलींची वेगळी जागावाटणी पूर्ण बंद झाली. आधी काही शाळांत मुलींना मुलांपेक्षा जास्त गुण लागत. आमच्या लेकीची ही पहिलीच बॅच.

जानेवारीत कामेइदो तेन्जिनला जाऊन आलो. विद्येचं दैवत मानलेल्या मिचिझानेचं देऊळ, लाकडी पाट्यांवर मुलं आपल्या शाळांची नावं लिहून टांगतात. लेकीने काय लिहिलं ते आम्ही वाचलं नाही. घरी गणपतीपुढेही नारळ ठेवला.

अर्ज ऑनलाइन भरायचा, फोटो चढवायचा, परीक्षा शुल्क २,२०० येन. खासगी शाळेचं शुल्क याच्या दहापट. रोमन अक्षरांतलं नाव, काताकाना या जपानी लिपीतलं नाव आणि निवासपत्रावरचं नाव तिन्ही जुळतात का ते आधी बघा. आमच्याकडे मधल्या नावामुळे अडलं होतं, शाळेने एका फोनमध्ये सोडवलं. ५ फेब्रुवारीला टोकियोत बर्फ पडला, आगगाड्या खोळंबल्या, आणि १० तारखेच्या खासगी परीक्षेला काय होईल ही धास्ती लागली. त्या दिवशी काही झालं नाही.

अर्ज संपल्यावर प्रत्येक शाळेचं प्रमाण जाहीर होतं, म्हणजे एका जागेला किती अर्ज. तिच्या शाळेचं १.४ च्या आसपास होतं, दहा मुलांतली तीन परत जाणार. याच टप्प्यावर एकदा शाळा बदलता येते. आम्ही रात्रभर बोललो. खासगी शाळा हातात होती, म्हणून ती म्हणाली, "बदलायची नाही." तो निर्णय तिचा होता, आणि तो घेण्याची मोकळीक डिसेंबरने दिली होती.

२१ फेब्रुवारी. आदल्या दिवशी वसंतासारखी ऊब होती, त्या दिवशी थंडी आणि पाऊस. जास्तीचे मोजे द्या, ओले पाय घेऊन दिवसभर बसणं कठीण. नऊला जपानी, मग गणित, इंग्रजी, जेवणानंतर समाजशास्त्र आणि विज्ञान, प्रत्येक पेपर ५० मिनिटांचा. कंपास-पट्टी लागते. अक्षरं किंवा नकाशे छापलेले कपडे नकोत. डब्यात तिने पोळी-भाजी मागितली होती, कारण गार झाली तरी खाता येते. मी त्या दिवशी रजा घेतली नाही, घरी बसून काही उपयोग नव्हता. साडेतीनला मेसेज आला: "झालं. गणित बरं गेलं. झोपणार."

१ मार्चला सकाळी साडेआठला निकाल वेबवर. तिने स्वतः बघितला, आम्हाला स्वयंपाकघरात थांबायला सांगून. नंबर होता. तिने शाळेत फोन करून सरांना सांगितलं, मग पुन्हा झोपली.

यानंतरची कामं भराभर येतात. प्रवेशाची मुदत दोन-चार दिवसांचीच असते. सरकारी प्रवेश शुल्क ५,६५० येन, गणवेश, खेळाचे कपडे आणि बूट मिळून लाखाच्या आसपास, टॅबलेटसाठी पालकांचा वाटा ३० हजार येन. खासगी शाळेची प्रवेश फी अडीच लाखांच्या घरात होती, पण सरकारी निकालाच्या दिवसापर्यंत ती पुढे ढकलण्याचा अर्ज आम्ही केला होता, त्यामुळे भरावी लागली नाही. अर्ज भरतानाच ही सोय आहे का ते बघा, सगळ्या शाळा देतात असं नाही.

ज्यांचं मूल यंदा तिसऱ्या वर्षाला आहे त्यांनी जुलैच्या बैठकीआधी दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवावीत, शाळेचं आणि ऑफिसचं. जुलै आणि डिसेंबरची बैठक, ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या खासगी शाळांच्या भेटी, या दिवसांची रजा आजच मागून टाका. कंपनीत कोणी कुरकुर केली तर मला लिहा, अर्ज कसा लिहायचा तो नमुना माझ्याकडे आहे. आणि नाइशिनचं गणित बसत नसेल तर श्रेण्या पाठवा, मी करून देतो. फक्त डिसेंबरच्या आत.